दचका आणि धास्ती : भयखेळांतील एका जुन्या वादाविषयी

भयानक रस शिकवू लागलो की वर्ग हसतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. करुण शिकवताना मुले गप्प होतात, वीर शिकवताना सरसावून बसतात, शृंगाराला खाली मान घालून हसतात. भयानक मात्र परीक्षेपुरता. विभाव कोणते, अनुभाव कोणते, कंप, स्वेद, रोमांच, मुखवैवर्ण्य अशी यादी फळ्यावर लिहायची आणि पुढे बीभत्साकडे वळायचे. कर्जत-खालापूरच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी हा धडा असाच वर्षानुवर्षे उरकला, हे कबूल केलेले बरे.

तो धडा आम्हांला पुन्हा उघडावा लागला, तो एका विद्यार्थ्यामुळे. पावसाळ्यातले दिवस होते, वीज गेलेली होती, तास होणार नव्हता. खोपोलीहून येणारा हा मुलगा आपल्या लॅपटॉपवर एक भयखेळ काढून बसला आणि आम्हांला म्हणाला, "सर, भयानक रस बघायचाय ना? हे बघा." आम्ही पाहिले. एक लांबलचक गल्ली, मिणमिणता दिवा, पावलांचा आवाज, आणि एकाएकी पडदाभर एक विद्रूप चेहरा, कानठळ्या बसवणारी किंचाळी. आमच्यापैकी एकाच्या हातातला चहा सांडला. मुले खळखळून हसली. मुलगा विजयी मुद्रेने म्हणाला, "झाला की नाही रस उत्पन्न?"

झाला होता का? त्या संध्याकाळी कर्जत स्थानकावर गाडीची वाट पाहत आम्ही यावर वाद घातला. एकाचे म्हणणे, अंग थरथरले, घाम फुटला, अनुभाव प्रकट झाले, मग रस नाही कसे म्हणता? दुसऱ्याचे म्हणणे, पाठीमागून कोणी फटाका लावला असता तरी चहा सांडलाच असता, मग फटाक्यालाही कलाकृती म्हणा. इंग्रजीत ज्याला जम्प स्केअर म्हणतात तो हाच प्रकार, आणि तो भयखेळांना तारक की मारक हा वाद खेळणाऱ्या जगात बराच जुना आहे. आमच्या भाषेत त्याला 'दचका' हा सुरेख शब्द आहे. या लेखात आम्ही तोच वापरू.

भीतीच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. काही घडण्यापूर्वी मनात घर करते ती धास्ती. घडण्याच्या क्षणी बसतो तो दचका. घडून गेल्यावर मागे उरतो तो धसका. बैल बुजतो, मूल बिचकते, सावध माणूस चरकतो, बेसावध हबकतो, आणि छातीत भरते ती धडकी. आपल्या बोलीने भीतीचा आधी, आता आणि नंतर असा काळानुसार हिशेब ठेवला आहे. भयखेळांचा सारा वाद या तीन काळांतला आहे, असे आम्हांला वाटते.

हा भेद शास्त्रकारांनीही केला होता. नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायीभाव आहे. तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत मात्र 'त्रास' असा एक वेगळा भाव दिला आहे. विजेचा कडकडाट, उल्कापात, श्वापदाची अवचित डरकाळी अशा कारणांनी जो क्षणिक थरकाप होतो तो त्रास. पुढच्या आलंकारिकांनी हा भेद अधिक स्पष्ट केला : मन एकाएकी कापते तो त्रास, मागचापुढचा विचार करून जे उत्पन्न होते ते भय. आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला दाखवला तो त्रास होता. व्यभिचारी भाव येतो आणि जातो; स्थायीला तो साहाय्य करतो, पण स्थायीची जागा घेऊ शकत नाही. गंमत अशी की मराठीत हाच शब्द कटकट या अर्थाने रूढ झाला. दर दोन मिनिटांनी किंचाळणारा खेळ खेळून पाहावा, म्हणजे संस्कृतातला त्रास वारंवार झाला की मराठीतला त्रास होतो, याची प्रचीती येईल.

आता थोडा इतिहास. भयखेळांना दचका मिळाला तो चित्रपटांकडून, आणि चित्रपटांत त्याचे एक प्रसिद्ध मूळ १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकी चित्रपटात सापडते. निर्माता व्हॅल लुटन, दिग्दर्शक जॅक टर्नर. पैसा बेताचा, त्यामुळे श्वापद दाखवण्याची ऐपत नव्हती. रात्रीच्या वेळी एक तरुणी उद्यानाच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून पावलांचा आवाज येतो. मग तो आवाज थांबतो. ती घाबरून वेग वाढवते, प्रेक्षक श्वास रोखतात, आणि त्या क्षणी फुस्स असा मोठा आवाज करीत पडद्यावर शिरते ती एक साधी बस. श्वापद नाहीच. संकलक मार्क रॉब्सन यांनी साधलेल्या या युक्तीला पुढे 'लुटन बस' असे नावच पडले. यातली बस कोणालाही आणता आली असती. चित्रपटाचे खरे काम त्याआधीच्या मिनिटभराच्या चालण्यात आहे. बस त्या मिनिटाचा पूर्णविराम आहे.

पुढे १९७६ सालच्या 'कॅरी'च्या शेवटी थडग्यातून हात वर आला, आणि नंतरच्या दशकात असे हात, मांजरे, आरशातले चेहरे यांना सुमार राहिला नाही. दिग्दर्शकांनी बस उचलली आणि चालणे टाकून दिले. हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचा जो दृष्टान्त दिला आहे तो येथे आठवतो. बॉम्ब एकाएकी फुटला तर प्रेक्षक काही सेकंद चकित होतो; बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि टेबलाभोवतीची माणसे निवांत गप्पा मारत असतील, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे कासावीस होतो. आपल्या शब्दांत सांगायचे तर पहिला दचका आणि दुसरी धास्ती.

खेळांची गोष्ट मात्र एका बाबतीत निराळी आहे. चित्रपटात दार नायिका उघडते, आपण डोळे मिटले तरी ते उघडतेच. खेळात दार आपल्याला उघडावे लागते. न उघडले तर काहीच घडत नाही, खेळही पुढे सरकत नाही. भय वाटणारा आणि भयाकडे चालत जाणारा एकच, ही अवस्था कथेत नाही, नाटकात नाही, चित्रपटातही नाही. म्हणून दचक्याचा प्रश्न खेळांत अधिक नाजूक होतो.

१९९२ सालच्या 'अलोन इन द डार्क' या आरंभीच्या भयखेळात खेळाडू एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर असतो. थोड्याच वेळात खिडकी फोडून एक प्राणी आत शिरतो आणि पहिल्यांदा खेळणारा दचकतो. पण दुसऱ्या खेपेस त्याच्या लक्षात येते की जवळचे कपाट ढकलून खिडकी अडवता येते. येथे दचका शिक्षकाचे काम करतो : आजूबाजूला बघ, विचार कर, हे घर तुझ्या हाताने सुरक्षित करता येईल. १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'रेसिडेंट ईव्हिल' आणला. त्यात एका बोळातून जाताना खिडकीच्या काचा फोडून कुत्रे अंगावर येतात, आणि त्या पिढीच्या खेळाडूंना तो क्षण आजही आठवतो. २००२ साली त्याच खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा कर्त्यांनी मोठी चतुराई केली. जुना खेळाडू त्या बोळात जीव मुठीत धरून शिरतो. पहिल्या खेपेस काचेला नुसता तडा जातो, कुत्रे येत नाहीत. ते येतात नंतर, त्याचे मन निर्धास्त झाल्यावर. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा दचका या आवृत्तीने भांडवल म्हणून वापरला आणि त्यातून धास्ती निर्माण केली.

१९९९ साली 'सायलेंट हिल' आला. त्या काळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, म्हणून सारे गाव धुक्यात बुडवलेले. पावसाळ्यात माथेरानचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या धुक्याची महती सांगायला नको. दहा पावलांवरचे झाड दिसेनासे झाले की ओळखीची वाटही परकी होते. या खेळात नायकाजवळ एक छोटा रेडिओ असतो आणि राक्षस जवळ आला की तो खरखरू लागतो. म्हणजे खेळ आधीच सूचना देतो, अवचितपणा स्वतःहून सोडून देतो. तरी भीती कमी होत नाही, उलट वाढते. चाहूल लागते पण दिशा कळत नाही. २००१ सालच्या त्याच्या दुसऱ्या भागात नायक मृत पत्नीचे पत्र आले म्हणून त्या गावात येतो, आणि आपण भितो आहोत ते आपल्याच एका कृत्याला, हे त्याला हळूहळू उमगते. भरताने भयानकाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजाने म्हणजे बतावणीने होणारा, अपराधातून होणारा आणि संकटाच्या त्रासातून होणारा. दचक्याची धाव तिसऱ्यापर्यंतच. अपराधाच्या भयाला किंचाळीची गरज नसते. ते ज्याचे त्याच्यापाशी असते.

याच्या उलट टोकाला २०१४ सालचा 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' ठेवला जातो. स्कॉट कॉथन या एकाच गृहस्थाने जवळजवळ एकट्याने केलेला हा खेळ. एका उपाहारगृहात रात्रपाळीचा पहारेकरी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खुर्चीत बसून कॅमेऱ्यांतून यांत्रिक बाहुल्यांवर नजर ठेवतो. दारे बंद करता येतात, पण त्याला वीज लागते आणि वीज मोजकी आहे. चुकलात की बाहुली किंचाळत अंगावर येते. यात दचक्याखेरीज आहे काय, असे टीकाकार विचारतात. आमच्या विद्यार्थ्याने आम्हांला तो खेळायला लावला तेव्हा मात्र आमचे मत थोडे बदलले. बाहुली अंगावर येते तो क्षण फार थोडा. बाकी सारा वेळ विजेचे आकडे उतरताना पाहण्यात, मघाशी दिसलेली बाहुली आता कोठे गेली हे शोधण्यात जातो. भारनियमनाच्या काळात रॉकेलची बाटली मोजून वापरणाऱ्या पिढीला हा हिशेब परका नाही. दचका येथे चुकीचा दंड म्हणून येतो, आणि दंड ठाऊक असल्यामुळेच वाट पाहणे असह्य होते. बाहुल्याचे भय मराठी प्रेक्षकालाही नवे नाही. १९९३ सालच्या 'झपाटलेला'तला, रामदास पाध्ये यांच्या हातांनी जिवंत झालेला तात्या विंचू आठवावा. मात्र तेथे दचक्यामागोमाग हशा आहे, आणि तो हशाच त्या चित्रपटाचा प्राण आहे.

हशाचा हा धागा महत्त्वाचा आहे. कोकणात शिमग्याच्या खेळ्यांत काळ्या वेषातला, लांब पांढऱ्या दाढीचा संकासुर पोरांच्या अंगावर धावून जातो. पोरे किंचाळत पळतात आणि मोठी माणसे हसतात. जत्रेतल्या भूतबंगल्याचे तेच. आमच्या खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले, तेथेही 'सलीमगढ' नावाचे, अंधारातून चालत जायचे भयदालन उभारले गेले. अशा ठिकाणी मंडळी एकमेकांचे हात घट्ट धरून आत जातात आणि बाहेर येताना हसत असतात. दचका ही सामुदायिक गोष्ट आहे. दुसऱ्याला दचकताना पाहण्यात एक निरागस आनंद आहे, आणि यूट्यूबवर भयखेळ खेळणाऱ्याचा चेहरा पाहायला लोक जमतात ते याच आनंदासाठी. आमचा चहा सांडला तेव्हा वर्ग हसला तोही असाच. या आनंदाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पण तो हास्याच्या शेजारी राहणारा आनंद आहे, भयानकाच्या घरातला नव्हे. आणि अनेक खेळकर्ते चेहरे दचकावेत म्हणूनच खेळ रचू लागले, तेव्हा भयखेळाचे नुकसान झाले.

मराठी भयकथेला या मोहात पडण्याची सोय नव्हती. कागदाला आवाज नसतो. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कादंबऱ्या आमच्यापैकी अनेकांनी वाचनालयातून आणून रात्री कंदिलाशी वाचल्या; त्यांत दचका कोठे असणार? पान उलटण्याचा वेग वाचकाच्या हातात. लेखकाला घराची रचना, माणसांचे तुटक बोलणे, न सांगितलेली जुनी हकीकत यांवरच भागवावे लागे. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या या प्रकारच्या कथा गूढकथा म्हणून ओळखल्या गेल्या, यातही अर्थ आहे. भूत दिसण्यापेक्षा उलगडा न होणे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका घरोघरी पाहिली गेली. दूरदर्शन संचापाशी आवाज होता, संगीत होते, दचक्याची सारी सामग्री होती आणि ती वापरलीही गेली. तरी लोकांच्या ध्यानात राहिला तो नाईकांचा वाडा आणि त्या घरातली माणसे. २०१८ सालचा 'तुंबाड' तर धारपांच्या 'आजी' या कथेचे ऋण सांगणारा, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची कथा. त्यातला सततचा पाऊस, ओल धरलेल्या भिंती आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा लोभ हे सारे अपराधाच्या भयाचे घर आहे. दचके त्यातही आहेत, पण पाहुण्यासारखे येऊन जातात.

दचक्याची बाजू घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने येथे एक मुद्दा मांडला, तो आम्हांला मान्य करावा लागला. दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ सालच्या ग्रंथात तिचा आकृतिबंध नोंदवला : डोळे मिटतात, मान पुढे येते, खांदे आखडतात, आणि हे विचार सुरू होण्याआधीच घडते. तीच ठिणगी पुनःपुन्हा दिली तर तिचा जोर ओसरतो. मात्र १९५१ साली उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की प्राणी आधीच भयाच्या अवस्थेत असेल तर तोच आवाज त्याला अधिक दचकवतो. यावरून सहकाऱ्याचे म्हणणे असे : दचका किती मोठा बसला यावरून धास्ती किती खोल होती हे मोजता येते, मग तो धास्तीचा शत्रू कसा? आम्ही म्हणतो, शत्रू नव्हेच. पण तो पीक कापणारा विळा आहे, पेरणारा हात नव्हे. पेरणी न करता विळा चालवीत राहिले तर शेतात काय राहणार?

आमच्या परिसरातच याचा एक ऐतिहासिक दाखला आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. घाट उतरून आलेली फौज दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरेपर्यंत रान शांत होते. आपण त्या लढाईचे वर्णन 'अचानक हल्ला' असे करतो; पण अचानक होता तो खानाला. ज्यांनी तो केला त्यांच्या दृष्टीने वाटा ओळखणे, शत्रूला नेमक्या खिंडीकडे येऊ देणे, दबा धरून वाट पाहणे हेच मुख्य काम होते. चांगल्या खेळकर्त्याचेही असेच. दचका क्षणाचा, तयारी प्रहरांची.

शेवटी आमच्या विद्यार्थ्याने जे सांगितले ते येथे नोंदवतो, कारण या लेखाचे कारण तेच आहे. २०१४ साली 'पी.टी.' नावाचा एक छोटा खेळ आला आणि २०१५ साली दुकानातून काढूनही घेतला गेला. त्यात एकच बोळ आहे. टोकाचे दार उघडले की माणूस पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला येतो. दर खेपेस काहीतरी किंचित बदललेले. आम्ही त्याला विचारले, यात भीती कसली? तो म्हणाला, "सर, हा चकवा आहे. माझी आजी सांगते ना, तोच." त्याच्या आजीच्या गोष्टीत डोंगरातून रात्री परतणारा माणूस रात्रभर चालतो आणि त्याच झाडापाशी येतो. चकवा दिसत नाही, ओरडत नाही, अंगावर येत नाही. त्यावर उपाय एकच : जेथे आहोत तेथे बसून राहावे आणि उजाडेपर्यंत पाऊल उचलू नये.

ही गोष्ट नुसती घाबरवण्यासाठी नाही. ढाक, कोथळीगड, इर्शाळगड यांच्या आजूबाजूच्या रानात अंधारात चालत राहणारा माणूस कड्यावरून जाऊ शकतो, आणि बसून राहणारा वाचतो. चकव्याच्या भीतीत एक शहाणपण सांभाळून ठेवलेले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, त्या रात्रीला आम्ही कोणत्याही रसाच्या चौकटीत बसवणार नाही. ते पाप होईल. इतकेच म्हणतो की त्यानंतर पावसाळ्यात डोंगराकडे पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत जे असते त्याला दचका म्हणत नाहीत. तो धसका आहे, आणि तो दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर धास्ती होऊन परत येतो. ज्या मुलांना खरे भय ठाऊक आहे, त्यांना भयानक रस म्हणजे मोठा आवाज असे आम्ही शिकवू नये.

तेव्हा आमचा निर्णय असा. दचका भयखेळाला मारक नाही, जोवर तो धास्तीच्या पोटी जन्मतो, क्वचित येतो आणि जाताना धसका ठेवून जातो. मागेपुढे काही नसलेला दचका मात्र रसाला मारक आहे, कारण तो खेळाडूला पुढच्या आवाजाची वाट पाहायला शिकवतो, अंधाराकडे पाहायला नाही. आमचे सहकारी अजून पूर्ण सहमत नाहीत. चहा कोणाचा सांडला होता, हे सांगायलाही ते तयार नाहीत.

यंदा भयानक रसाचा तास आम्ही यादीने सुरू केला नाही. त्या मुलाला पुढे बोलावले आणि आजीची चकव्याची गोष्ट सांगायला सांगितली. बाहेर पाऊस होता. तो सावकाश सांगत गेला, मध्ये कोठेही आवाज चढवला नाही. वर्ग हसला नाही.